बाळासोचा हुंकार

१

दुपारी एक वाजला की शाहूपुरीतली बरीच दुकानं धडाधड शटर ओढून घेतात. मग चारपर्यंत गल्ली अशी गप्प होते की कुणाच्या सायकलची चेन पडली तरी वरच्या मजल्यावर कळावं. दत्तप्रसादांच्या सगळ्या चांगल्या गोष्टी याच तीन तासांत तावूनसुलाखून निघाल्या, आणि त्याही फक्त शनिवारी.

शनिवारी पेठ वडगावचा बाळासो म्हशींसाठी पेंड न्यायला यायचा. आता वडगावात काय पेंड मिळत नव्हती? मिळत होती की! पण या गड्याला शाहूपुरीतलीच पेंड लागायची, आणि तो पोहोचायचा नेमका एकच्या ठोक्याला, शटर खाली येता येता. "उशीर झाला बघ मास्तर. आता चार वाजूस्तवर कुठं जाऊ मी उन्हातान्हात?" असं म्हणत जिन्याखाली चपला काढून वर यायचा. एकतीस वर्षं त्याला दर शनिवारी उशीर झाला. मैत्रीला असं काहीतरी निमित्त लागतंच, पुरुषांच्या तर फारच.

कॉलेजच्या होस्टेलात दोघं एका खोलीत होते. बाळासो दुसऱ्या वर्षाला आपटला आणि म्हशींकडं गेला. दत्तप्रसाद शिकले, हायस्कुलात मराठीचे मास्तर झाले आणि गोष्टी लिहायला लागले. लिहिलेलं पहिल्यांदा ऐकायचं ते बाळासोनं, हे मात्र होस्टेलपासून ठरलेलं. त्याला दुसरा कुणी वाटेकरी नव्हता.

वरच्या खोलीत भिंतीला लागून टेबल. टेबलाशी खुर्ची. खुर्चीच्या मागं लाकडी कपाट, आणि कपाटाच्या पलीकडं खिडकीखाली एक लोखंडी कॉट. बाळासो कॉटवर आडवा व्हायचा. दत्तप्रसाद त्याच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून वाचायचे. हा दंडक बाळासोचा. "माझं तोंड बघून वाचशील तर मला आवडंल तसं वाचशील. भिताडाकडं बघ. भिताडाला कायबी आवडत न्हाई."

आणि मागून यायचा तो हुंकार. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुं म्हणायचं, हे आपल्याकडं कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. हुं आला नाही तर सांगणारा थांबतो, पोर झोपलं असं समजतो आणि दिवा घालवतो. मिशा पिकल्या तरी या दोघांनी ते सोडलं नव्हतं. दत्तप्रसादांच्या हातात तांबडी पेन्सिल असायची. जिथं हुं आला नाही तिथं कागदावर फुली, आणि रविवारी सकाळी ती ओळ काढून टाकायची, मग ती लेखकाला कितीही लाडकी असो.

२

आता ही लिहायची रीत आहे का, असं कुणी विचारील. विचारू दे. दत्तप्रसादांना दुसरी येत नव्हती.

त्यांची पहिली मोठी गोष्ट एका विधवेची होती. सात पानं ती बाई नुसती रडत होती. तिसऱ्या पानापासून मागनं हुं यायचा बंद झाला. वाचून झाल्यावर दत्तप्रसादांनी घुश्श्यातच विचारलं, "झोपलास काय रे?"

"झोपीन कशाला? वाट बघालतो."

"कशाची?"

"तुझी बाई सकाळपास्नं रडालीया. चूल कोण पेटीवणार तिच्या घरात? म्हशीची धार कोण काढणार? आमची म्हातारी आमचा बा गेल्यावर रडली की. पण दुधाची किटली घासत घासत रडली."

दत्तप्रसाद आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी सातांची दोन पानं केली आणि बाईच्या हातात किटली दिली. ती गोष्ट छापून आली. पहिली छापून आलेली तीच.

मग हळूहळू हुंकाराचे प्रकार कळायला लागले. नुसता तोंडदेखला हुं असायचा, चाललंय ते चालू दे म्हणणारा. एक असायचा तुटक, म्हणजे 'हे मला आधीच कळलंय, पुढं चल'. आणि वर्षातनं दोनतीनदा यायचा तो खालच्या आवाजातला, जरा उशिरानं आलेला. तो आला की दत्तप्रसादांच्या अंगावर काटा यायचा. त्या हुंसाठी ते पुढचे सहा महिने लिहायचे. मानसन्मान, दिवाळी अंकातलं पहिलं पान, हे सगळं झालं, पण त्यातलं काही त्या हुंच्या जवळपास गेलं नाही.

"बक्षीस मिळालं मला," एकदा त्यांनी सांगितलं.

"चांगलं झालं की. कुठल्या गोष्टीला?"

"ती, तलाठ्याची."

"तिच्यात पाऊस लई झालाय," बाळासो म्हणाला आणि पेंड आणायला गेला.

३

बाळासो जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून दत्तप्रसादांनी एक ओळ लिहिली नव्हती. म्हणजे लिहायला बसायचे. शनिवारी एकला टेबलाशी जाऊन बसायचे, कागद सारखे करायचे, पेन्सिलीला टोक काढायचे. चारला शटरं वर जायची, की तेही उठायचे.

शिकवणं मात्र जोरात चाललं होतं. महिन्यातनं दोन रविवार वाचनालयात नवीन लिहिणाऱ्यांची कार्यशाळा घ्यायचे. पात्र उभं कसं करावं, सुरुवात कुठनं करावी, सगळं फर्डं बोलायचे. पोरं वहीत उतरवून घ्यायची. घरी येताना त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

त्या पोरांतली क्रांती नावाची एक मुलगी जरा फटकळ होती. तिनं एकदा सरळ विचारलं, "सर, तुम्ही सध्या काय लिहिताय?"

दत्तप्रसाद गडबडले. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी भर वर्गात बाळासोबद्दल सांगून टाकलं. सगळं नाही. कॉटबद्दल, हुंकाराबद्दल, तांबड्या पेन्सिलीबद्दल. ऐकणारा गेला आणि लिहिणं गेलं, असंही म्हणून गेले.

"मग त्यांच्यावरच लिहा की सर," क्रांती म्हणाली. "आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. वाचायचं, आणि परत आपलं आपण ऐकायचं. मी तसंच करते. खोटं लगेच कानाला टोचतं."

मास्तरांच्या बायकोनं, कालिंदीबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आता मोबाईलला गोष्टी सांगा. मला कधी सांगितली नाहीत एखादी."

"तू ऐकतेस कुठं? मधेच भाजीचं विचारतेस."

"मग भाजी काय बाळासो भाऊजी आणत होते?" असं म्हणून त्या हसल्या. पण नवरा वर जायला लागला तेव्हा त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या. दोन वर्षांत त्याची चाल म्हाताऱ्याची झाली होती, आणि त्यांच्या गुडघ्यांनी तर जिना केव्हाच सोडला होता.

४

गोष्ट सुरू झाली, ती नळाला पाणी यावं तशी. होस्टेलची खोली, बाळासोच्या घरनं आलेला भाकरीचा डबा, त्याचं नापास होणं, पहिल्यांदा पेंड न्यायला आलेला तो दिवस. चार शनिवार दत्तप्रसाद लिहीत होते. पाचव्या शनिवारी त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला, लाल गोल दाबला आणि भिंतीकडं बघून वाचायला लागले.

वाचून झाल्यावर खिडकी लावून घेतली आणि ऐकायला बसले. आपला आवाज आपल्यालाच चमत्कारिक वाटतो, तसा वाटला. पहिलं पान गेलं. दुसऱ्या पानावर भाकरीच्या डब्याचा भाग आला. बाळासोची आई डब्याच्या तळाला ठेच्याखाली चिठ्ठी ठेवायची, पण तिला लिहायला येत नव्हतं म्हणून कागदावर नुसती हळदीची बोटं उठवायची, ती ओळ. ती संपली, आणि तिच्यामागं आवाज आला.

हुं.

दत्तप्रसादांनी मोबाईल बंद केला. मग मागं नेऊन परत लावला. हळदीची बोटं. हुं.

आता मास्तर माणूस. भुताखेताच्या नावानं पोरांना हसणारा. त्यांनी शांतपणे विचार केला. कबुतर असेल. खिडकीच्या छज्ज्यावर बसतात मेली. किंवा आपलाच घसा. वाक्य संपल्यावर आपण खाकरत असू, इतक्या वर्षांची सवय. कुणी म्हणत नाही म्हणून आता आपलं आपणच हुं म्हणत असू. हे कारण त्यांना पटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

पण कबुतर जागा बघून घुमत नाही. त्यांनी सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. हुं अकरा ठिकाणी होता. आणि जिथं त्यांनी जरा भाषा फुलवली होती, संध्याकाळचं वर्णन केलं होतं, तिथं अख्खं दीड पान काही नव्हतं. पाऊस लई झाला असणार.

त्यांनी तांबडी पेन्सिल उचलली आणि त्या दीड पानावर फुली मारली. आणि खरं सांगायचं तर, त्यांना आनंद झाला.

५

दुसऱ्या दिवशी रविवार. त्यांनी वर जाऊन पेपरातला अग्रलेख वाचला. रेकॉर्डिंगमध्ये काही नाही. स्वतःची ती तलाठ्याची गोष्ट वाचली. दोन तोंडदेखले हुं. मग ती किटलीवाली वाचली आणि या वेळी मोबाईल लावलाच नाही. किटली घासायचं वाक्य आलं आणि हुं आला, खोलीतच, कपाटाच्या मागून, खालच्या आवाजात आणि जरा उशिरानं.

त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. मागं वळायला मान निम्मी फिरलीसुद्धा. मग बाळासोचा दंडक आठवला आणि थांबली. माझं तोंड बघू नगंस.

ते उठले ते भिंतीकडं तोंड ठेवूनच. कडेकडेनं दारापर्यंत गेले, आणि खाली येऊन कालिंदीबाईंच्या शेजारी बसले.

"काय झालं? घाम बघा किती आलाय."

"वर पेंडेचा वास येतोय."

"पावसाळी हवा आहे. त्या खालच्या गोदामाचा येत असेल," त्या म्हणाल्या, आणि पंख्याचं बटण वाढवलं. "अहो, राहू दे ना ते लिहिणं. नाही लिहिलं म्हणून कोण फाशी देतंय?"

दत्तप्रसादांनी मान हलवली. पण त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच माहीत. एवढी वर्षं हा माणूस आठवड्यातनं एकदा यायचा. आता तो कधीही येत होता. नुसतं चांगलं लिहायचं, की तो होताच. असं असताना लिहिणं कोण सोडील?

६

गोष्ट शेवटाला आली आणि अडली.

शेवट दवाखान्याचा होता. बाळासो कॉटवर, हातात सलाईन, आणि शेजारी स्टुलावर दत्तप्रसाद. रात्रभर त्याचा हात हातात धरून, त्याला जुन्या गोष्टी सांगत बसलेले. फार सुंदर लिहिला होता त्यांनी तो भाग. वाचताना स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं.

मागं चिडीचूप.

त्यांनी परत वाचला. शब्द बदलले, स्टूल काढून खुर्ची केली, संवाद कमी केले, पुढच्या शनिवारी परत वाचला. हुं नाही. कॉटची स्प्रिंगसुद्धा वाजली नाही. कुणी उठून गेलं असावं तशी खोली रिकामी वाटायला लागली, आणि दत्तप्रसादांना भीती वाटली ती त्या रिकामेपणाची. आलेला माणूस परत चालला होता.

कारण त्यांना ठाऊक होतं. समोरच्या भिंतीवरच टांगलेलं होतं. काचेच्या फ्रेममध्ये, पुण्याच्या सत्काराचं मानपत्र.

त्यांनी ती पानं फाडली. नवा कागद घेतला आणि जे झालं होतं तसंच्या तसं लिहिलं. मग घसा खाकरून वाचायला लागले.

"मी त्या रात्री दवाखान्यात नव्हतो. मी पुण्यात होतो. सभागृहात माझं नाव पुकारणार तेवढ्यात फोन वाजला. बाळासो होता."

हुं.

"त्याला धाप लागली होती. म्हणाला, मास्तर, लई वर्षं तू सांगितलीस. आज मला एक गोष्ट सांगायची हाय. तू नुसता हुं म्हण. मी म्हणालो, उद्या येतो, निवांत सांग."

हुं. कपाटाच्या अलीकडून आला हा. जवळून.

"तो म्हणाला, बरं. मी फोन बंद केला आणि स्टेजवर गेलो. पहाटे तो गेला. त्याला कुठली गोष्ट सांगायची होती, ते मला कधीच कळलं नाही."

या वेळी हुं यायला उशीर लागला. इतका, की दत्तप्रसादांनी डोळे उचलून समोर बघितलं. मानपत्राच्या काचेत मागची खोली दिसत होती, दुपारच्या उजेडात, अगदी स्वच्छ. कपाटाची कड दिसत होती आणि तिच्यापुढं आलेले कॉटचे दोन पाय. कॉटवरून खाली लोंबलेली दोन पावलं. भेगाळलेल्या टाचा, भेगांत वाळलेलं शेण. एक पाऊल दुसऱ्यावर सावकाश घासलं गेलं, डास चावल्यासारखं.

मग तो हुं आला. ज्याच्यासाठी सहा महिने लिहावं असा.

दत्तप्रसादांनी डोळे मिटून घेतले. त्यांना भीती वाटत होती आणि ते लहान पोरासारखे रडत होते, दोन्ही एकदमच.

"झालं?" मागून विचारलं.

"झालं," ते म्हणाले.

"मग आता मी सांगतो."

७

"एक मास्तर हुता."

"हुं," दत्तप्रसाद म्हणाले.

"शाहूपुरीत ऱ्हायचा. गोष्टी सांगायचा लई नाद त्येला."

"हुं."

"एक दिस दुपारचं मास्तर माडीवर बसला हुता. खालनं बायकूनं हाक मारली."

"हुं."

"अहो!" खालून कालिंदीबाईंचा आवाज आला. "चहा टाकलाय, येताय ना?"

दत्तप्रसादांनी मनातल्या मनात क्रम लावून बघितला. हाक आधी आली नव्हती. आधी वाक्य आलं होतं, मग आपला हुं, मग हाक.

"मास्तर काय बोलला न्हाई. मग बायकू चहा घिऊन जिना चढली."

दत्तप्रसाद गप्प बसले. कसली ती शांतता! खाली भांडंसुद्धा वाजेना. सगळं घर, सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडं बघत थांबल्यासारखी झाली. थांबवता येत होतं तर. नुसतं गप्प राहायचं, उठायचं, वळायचं, नाहीतर ओरडून सांगायचं की आलो गं. एवढं केलं की झालं.

"मास्तर," मागचा आवाज हळूच म्हणाला. त्याला पुन्हा धाप लागली होती, त्या फोनवर लागली होती तशीच. "ऐकालायस न्हवं?"

उद्या, असं एकदा म्हणून झालं होतं.

"हुं," दत्तप्रसाद म्हणाले.

जिन्यावर पाऊल वाजलं. एक पायरी, थांबणं, कठडा करकरणं, दुसरी पायरी. गुडघे धरत, कपबशी सांभाळत कालिंदीबाई वर येत होत्या. त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. दत्तप्रसादांच्या मनात आलं, बिचारीला किती दुखत असेल, आणि ही कशाला आली वर?

"बायकूनं दार ढकललं," बाळासो म्हणाला. "बघितलं. तर खुर्चीत कोण न्हवतं."

दत्तप्रसादांना ते वाक्य पुरतं कळलं. आयुष्यभर त्यांनी वाक्यं तपासली होती. हे चोख होतं. एक शब्द जास्त नाही, कुठं पाऊस नाही, रडणं नाही. यावर फुली मारायला पेन्सिल उचलली नसती कुणी. एकतीस वर्षं हा माणूस पाठीमागं पडून नुसता ऐकत होता आणि त्याच्यापाशी असली गोष्ट होती. दाराच्या मागं बांगड्या वाजल्या. दत्तप्रसादांनी तोंड उघडलं ते बायकोला हाक मारायला. कालिंदी, एवढंच म्हणायचं होतं. पण मागं तो वाट बघत होता, धापा टाकत, आणि चांगलं वाक्य ऐकल्यावर माणसाच्या तोंडून जे जातं तेच त्यांच्या तोंडून गेलं.

"हुं."

दार उघडलं. कालिंदीबाई कपबशी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी खुर्चीकडं बघितलं, कॉटकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं.

"अहो?" त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच पुटपुटल्या, "गेले कुठं हे? खाली उतरलेले दिसले नाहीत."

त्या आत आल्या. दत्तप्रसादांच्या दंडाला घासून त्यांचा पदर गेला. त्यांनी कप टेबलावर ठेवला, वाऱ्यानं उडतील म्हणून कागद सारखे करून त्यावर पेन्सिल ठेवली, आणि क्षणभर वरचं पान वाचत उभ्या राहिल्या. डोळे पुसले. मग पंख्याचं बटण बंद केलं आणि कठडा धरून एकेक पायरी खाली उतरायला लागल्या.

"मग?" दत्तप्रसादांनी विचारलं.

"सांगतो की," बाळासो म्हणाला. "गडबड काय हाय?"